काम आहे, माणसं नाहीत; माणसं आहेत, काम नाही

गोव्यातल्या कुठल्याही गावात चतुर्थीच्या दिवसांत चार घरं फिरा, दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, पोरगा डिग्री घेऊन घरी बसलाय, नोकरी नाही. दुसरं, नारळ पाडायला माणूस मिळत नाही, गवंडी मिळत नाही, दुकानात उभं राहायला पोरगा मिळत नाही. गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं एकच माणूस बोलतो, नेवऱ्या खाता खाता, पाच मिनिटांच्या अंतराने, आणि बसलेले सगळे दोन्ही वेळा मान डोलावतात.

जरा थांबून बघितलं तर यात काहीतरी जुळत नाही हे कळतं. माणसं रिकामी आहेत आणि कामंही रिकामी आहेत, तर मग दोघांची गाठ का पडत नाही? मजुरी वाढायला पाहिजे, पोरं कामावर जायला पाहिजेत, आणि दोन्ही तक्रारी हळूहळू मिटायला पाहिजेत. तसं होत नाही म्हणजे मध्ये काहीतरी अडकलंय. ते काय हे शोधायचं सोडून आपण लगेच गुन्हेगाराचं नाव घेतो. एक गट म्हणतो भायल्यांनी, म्हणजे बाहेरच्या राज्यांतून आलेल्यांनी, नोकऱ्या खाल्ल्या, दुसरा म्हणतो गोंयकार (गोव्याचा माणूस) सुशेगाद, म्हणजे निवांत, याला घाम नको, तिसरा म्हणतो सरकार झोपलंय. तिघांचाही आरोपी आधी ठरलेला असतो आणि तपास नंतर. अर्थशास्त्रातल्या वादात आपण गोव्यात सगळ्यात जास्त मार खातो तो इथे, आकडे कमी पडतात म्हणून नाही.

आधी आकड्याचंच बघू. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात (तोच तो पीएलएफएस) २०२३-२४ ला गोव्याचा बेरोजगारीचा दर ८.५ टक्के आला, देशाचा ३.२. राज्यांमध्ये आपण सगळ्यात वर. बिहारचा दर ३ च्या आसपास. विरोधी पक्षाने हा आकडा घेऊन विधानसभेत आणि पेपरांत धुरळा उडवला, सरकार म्हणालं आदल्या वर्षी ९.७ होता, म्हणजे कमी झाला, आमचंच यश. दोघांनीही एक साधा प्रश्न विचारला नाही की बाबा, बिहारमध्ये गोव्यापेक्षा बेरोजगारी कमी आहे तर मग बिहारची पोरं रेल्वेत लोंबकळत आमच्याकडे कशाला येतात?

उत्तर मोजण्याच्या पद्धतीत आहे. या सर्व्हेचा जो मथळ्यात येणारा दर असतो त्यात वर्षभरात तीसेक दिवस जरी कुठलं काम केलं असेल तरी माणूस रोजगारात धरला जातो, आणि बापाच्या शेतात किंवा भावाच्या दुकानात बिनपगारी हात लावला तरी ते काम धरलं जातं. बेरोजगार कोण, तर ज्याला काम नाही आणि जो काम शोधतोय किंवा करायला तयार आहे तो. म्हणजे ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे तो या व्याख्येत बेरोजगार राहूच शकत नाही, तो मिळेल ते करतो, अर्ध्या मजुरीवर करतो, आणि आकड्यात ‘रोजगार’ म्हणून दिसतो. बेरोजगार राहायला मागे कोणीतरी लागतं. बापाची पेन्शन लागते, भाऊ बोटीवर (परदेशी जहाजावरच्या नोकरीत) लागतो, स्वतःचं घर लागतं, आई गृह आधार या सरकारी योजनेचे महिन्याला १५०० घेते ते लागतात. गोव्यात हे बऱ्याच घरांत आहे. त्यामुळे ८.५ टक्के हा दर गरिबीचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, उलट तो काही अंशी थांबण्याची ऐपत दाखवतो. मात्र म्हणून तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही, कारण तरुण पोरांची उमेदीची वर्षं त्यात जातायत. आणि ९.७ वरून ८.५ झालं म्हणून पेढे वाटणाऱ्यांना एवढंच सांगणं, की गोव्यासारख्या लहान राज्यात सर्व्हेचा नमुना लहान असतो, टक्का-दीड टक्का इकडेतिकडे हलायला फार काही घडावं लागत नाही.

असंच दुसऱ्या आकड्याचं. दरडोई उत्पन्नात गोवा देशात पहिल्या दोन-तीनात, राष्ट्रीय सरासरीच्या दुपटीहून जास्त. हे ऐकलं की दिल्लीवाल्याला वाटतं इथे घरटी पैसा वाहतोय, आणि डिचोलीतल्या माणसाला वाटतं कोणीतरी आपली थट्टा करतंय. पण हा आकडा गोव्याच्या हद्दीत काय पिकलं-बनलं त्याला लोकसंख्येने भागून येतो. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात जे मूल्य तयार झालं ते गोव्याच्या खात्यात, त्याचा नफा मुंबईला किंवा आणखी कुठे गेला तो भाग वेगळा. मांडवीतल्या कॅसिनोचंही तेच. खाणींचं तर त्याहून वाईट. लोहखनिजाची माती खणून चीनला पाठवली ते सगळं ‘उत्पन्न’ म्हणून मोजलं गेलं, २०१०-११ च्या सुमाराला वर्षाला पाच कोटी टनांवर निर्यात होत होती, आणि जमिनीखालचा साठा तेवढाच कमी झाला हे कोणत्याच रकान्यात लिहिलं गेलं नाही. घरातलं सोनं विकून आलेले पैसे पगारात धरून ‘यंदा आमची कमाई वाढली’ म्हणण्यासारखं. २०१४ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने खनिजाच्या विक्रीतून कायमस्वरूपी निधी बाजूला ठेवायला सांगितलं, त्यामागचा तर्क हाच होता की हे धन पुढच्या पिढ्यांचंही आहे. एवढा साधा हिशेब कोर्टाला सांगावा लागला.

असो. मूळ प्रश्नाकडे येतो, पोरगा घरी का बसलाय?

‘आळशी’ हे उत्तर मी एका झटक्यात बाद करतो आणि त्याला कारण आहे. हेच गोंयकार बोटीवर जातात, महिनोन्महिने दहा-बारा तास काम करतात, गल्फमध्ये उन्हात राबतात, ब्रेक्झिटच्या आधी पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेलेले गोदामात रात्रपाळ्या करतात. माणूस तोच, हाडं तीच. विमानात बसल्यावर आळस उतरतो असं म्हणायचं का? जी गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे ती फरकाचं कारण होऊ शकत नाही. शाळेतल्या प्रयोगाच्या वहीत जमणारा हा तर्क आपण चहाच्या टेबलावर विसरतो.

मग फरक कशात आहे ते बघा. वाळपईतल्या एका पोराचं उदाहरण घ्या, बी.कॉम. झालेला, वेर्ण्याच्या फॅक्टरीत हातात १६,००० मिळतील अशी नोकरी आहे. वाळपई ते वेर्णा साठेक किलोमीटर. शिफ्टच्या वेळेला जुळणारी बस नाही, म्हणजे दुचाकी. जाऊन-येऊन १२० किलोमीटर, लिटरला ४५ चा अॅव्हरेज धरला तर दिवसाला पावणेतीन लिटरच्या आसपास, लिटरमागे ९६ रुपये धरले तर अडीचशे रुपये रोजचे, महिन्याचे २६ दिवस म्हणजे साडेसहा हजार पेट्रोलमध्ये गेले. टायर, ऑइल, पावसात एखादं पडणं-झडणं हे वेगळंच. राहिले नऊ-साडेनऊ हजार, आणि त्यासाठी रोजचे अडीच-तीन तास रस्त्यावर. खोली घेऊन तिकडेच राहायचं म्हटलं तर तेवढंच भाडं. ओडिशातून आलेला पोरगा मात्र त्याच फॅक्टरीजवळ एका खोलीत पाच जणांत राहतो, त्याला पेट्रोल नाही, भाडं पाचात वाटलं जातं, आणि गावी तुलना करायला पाच-सात हजार. दोघांना पगार एकच, पण हातात उरतं ते एक नाही आणि ज्याच्याशी तुलना करायची तेही एक नाही. इथे भायल्याने गोंयकाराची नोकरी हिसकावली म्हणणं आणि गोंयकाराला काम नको म्हणणं, दोन्ही सारखीच चुकीची. एका बसच्या वेळापत्रकाचा हा प्रश्न आहे, निदान अर्धा तरी.

उरलेला अर्धा प्रश्न सरकारी नोकरीचा, आणि तो जास्त चिवट आहे.

सातव्या वेतन आयोगात कनिष्ठ कारकुनाचं मूळ वेतन १९,९००. त्यावर महागाई भत्ता निम्म्याहून जास्त, वर घरभाडं. म्हणजे लागल्या दिवशी तेहतीस-चौतीस हजार धरा. समोर फॅक्टरीतले किंवा हॉटेलातले सोळा. दुप्पट झालं, आणि यात कामाचे तास, सुट्ट्या, कोणी उद्या काढून टाकणार नाही ही निश्चिंती, लग्नाच्या बाजारातली किंमत, यातलं काहीच धरलेलं नाही. (मुलीकडची माणसं ‘पर्मनंट आहे ना?’ हा प्रश्न पत्रिकेच्या आधी विचारतात, हे सांगायला नको.) गोव्यात बहुतेक सरकारी पदांना वयाची मर्यादा ४५. पंचेचाळीस! म्हणजे बावीसाव्या वर्षी डिग्री घेतलेल्या पोराला तेवीस वर्षं तिकीट हातात धरून उभं राहायची सोय सरकारनेच करून ठेवलीय, आणि वर आपण विचारायचं की तो उभा का आहे.

हा पोरगा मूर्ख नाही, त्याचं गणित बरोबर आहे. महिन्याला १७ हजारांचा फरक, वर्षाला दोन लाख, तीस वर्षं नोकरी. खासगीत एकदा रुळला, लग्न झालं, हप्ते सुरू झाले की अभ्यास सुटतो, ओळखी सुटतात, रांगेतला नंबर जातो. घरात जेवायला मिळतंय तोवर थांबणं त्याच्या दृष्टीने शहाणपणाचंच आहे. एकेकट्याचं शहाणपण सगळ्यांनी मिळून केलं की राज्याचा दर ८.५ होतो, एवढंच.

नोव्हेंबर २०२४ ला नोकरीसाठी पैसे घेतल्याची प्रकरणं एकामागोमाग एक बाहेर आली, फोंडा, म्हार्दोळ, डिचोली, कुठून कुठून तक्रारी, अटका झाल्या. सगळीकडे एकच सूर, माणसं किती लोभी झाली, नीतिमत्ता राहिली नाही. बरं, माणसं लोभी आहेत मान्य. पण मग वेटरच्या नोकरीसाठी कोणी पाच लाख का देत नाही? सिक्युरिटी गार्ड व्हायला दागिने का गहाण टाकत नाही? लोभ तर तिथेही तेवढाच असणार. लाच ही नुसती नीतीची गोष्ट नाही, ती किंमत आहे, आणि किंमत तिथेच उभी राहते जिथे बाजारभावाहून खूप स्वस्त किंवा खूप जास्त फायद्याची वस्तू दिली जातेय. समजा कोणी १५ लाख मागितले. तेच १५ लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला लाखभर सुटतात. नोकरीत टाकले तर वर्षाला दोन लाख जास्त पगार. एफडीच्या दुप्पट परतावा, तोही महागाई भत्त्यासकट वाढणारा! ज्या बापाने शेत विकून पैसे दिले त्याला आपण अडाणी म्हणतो, पण त्याने हिशेब तरी केला होता, फक्त समोरचा माणूस नोकरी देऊच शकत नाही ही शक्यता त्याने धरली नाही, आणि पुष्कळ प्रकरणांत नेमकं तेच निघालं. नीतीचे पाठ देऊन ही किंमत खाली येणार नाही. फरक कमी झाला तर येईल, नाहीतर नोकरी द्यायचा अधिकार कोणा एकाच्या खिशात राहिला नाही तर येईल. २०१९ ला कर्मचारी भरती आयोगाचा कायदा झाला, आता कॉम्प्युटरवर परीक्षा होतात, हे पाऊल चांगलंच आहे आणि ज्या पुढाऱ्यांना ते खुपतं त्यांना का खुपतं हेही वरच्या गणितावरून कळेल.

आता निवडणुका जवळ आल्या की घोषणा येते, इतकी हजार पदं भरणार. टाळ्या पडतात, कारण तर्क सरळ वाटतो, बेरोजगार इतके, नोकऱ्या इतक्या दिल्या, तेवढे कमी झाले. पण रांगेत उभी राहणारी माणसं दगड नाहीत, ती बघून निर्णय घेतात. समजा एका तालुक्यातून वर्षाला १०० जण लागतात आणि रांगेत १००० आहेत, दहात एक. आता १०० च्या ठिकाणी २०० घेतले. कागदावर दहात दोन झाले. पण हे कळल्यावर जो फॅक्टरीत जाणार होता तो म्हणतो थांबतो अजून एक वर्ष, जी मुलगी दुकानात अकाउंट्स बघत होती ती राजीनामा देऊन क्लासला बसते, आणि बघता बघता रांगेत १८०० होतात. दोनशे लागले, मागे उरले सोळाशे. आधी नऊशे होते. आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, वाढ एवढीच होईल असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण दिशा अशीच असू शकते. विकसनशील देशांतल्या शहरांबद्दल हा विचार हॅरिस आणि टोडारो या अर्थतज्ज्ञांनी १९७० मध्येच मांडला होता, की चांगल्या पगाराच्या मोजक्या नोकऱ्या वाढवल्या की त्यांच्या आशेने येऊन थांबणारे त्याहून जास्त वाढू शकतात. आमच्याकडे शहर आणि खेडं याऐवजी सरकारी आणि खासगी घाला, जमून जातं.

इथे कोणीतरी म्हणणार, मग खासगीवाले पगार वाढवू देत की! बरोबर, आणि इथे भायल्यांच्या मुद्द्यातला खरा भाग येतो, तो मी नाकारत नाही. बाहेरून कमी मजुरीत माणूस येत राहिला की गवंड्याची, वेटरची, ट्रॉलरवरच्या खलाशाची मजुरी जितकी वर गेली असती तितकी जात नाही. हे खरं आहे. पण हे म्हणणाऱ्याने पुढचं वाक्यही बोललं पाहिजे, की त्याला ठेवतो कोण? घर बांधणारा गोंयकार, किनाऱ्यावरचा शॅकवाला गोंयकार, ट्रॉलरचा मालक गोंयकार, आणि त्याला खोली भाड्याने देणाराही बहुतेक वेळा गोंयकारच. स्वस्त मजुरीचा फायदा खिशात आणि तोटा भाषणात, असं दोन ठिकाणी मांडलं की हिशेब कधीच जुळत नाही.

आणि एकदा हे तपासायची संधीही मिळाली होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परप्रांतीय मजूर श्रमिक गाड्यांनी घरी गेले. ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी संपली तेव्हा मालिम आणि कुटबणच्या जेटीवर ट्रॉलर उभेच, कारण खलाशी ओडिशा-झारखंडला. बेरोजगार गोंयकार त्या ट्रॉलरवर चढले का? नाही चढले, मालक खलाशी परत कधी येतात त्याची वाट बघत बसले. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हा काही प्रयोगशाळेतला स्वच्छ प्रयोग नव्हता, रोगाची भीती होती, सगळं तात्पुरतं आहे हे प्रत्येकाला माहीत होतं, दोन महिन्यांसाठी कोण जाळी ओढायला शिकेल? तेव्हा यावरून ‘गोंयकार कधीच करणार नाहीत’ असा निकाल काढणाऱ्यांनीही घाई करू नये. पण भायले गेले की दुसऱ्या दिवशी आपली पोरं कामाला लागतील, ही जी सरळ बेरीज-वजाबाकी आहे, तिला या एका ऑगस्टने बरंच भोक पाडलं. शिवाय ज्या रांगेत आपली पोरं खरोखर उभी आहेत, म्हणजे सरकारी, तिथे १५ वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, कोंकणी यावी लागते. त्या रांगेत परवा आलेला भायला नाहीच. मग त्याने घेतलं काय?

खासगीत ८० टक्के स्थानिकांना राखीव ठेवा ही मागणी दर अधिवेशनात येते, आणि २०२४ ला गोव्यातल्या औषध कारखान्यांसाठी मुलाखती महाराष्ट्रात ठेवल्याचं कळलं तेव्हा लोक चिडले ते स्वाभाविकच होतं, मीही चिडलो, निदान इथे आधी विचारा की! पण हरियाणाने ७५ टक्क्यांचा कायदा करून बघितला, तो नोव्हेंबर २०२३ ला हायकोर्टाने घटनाबाह्य ठरवला. कोर्टाचं सोडा, टिकला असता तरी वाळपई-वेर्णा बस त्यातून आली नसती, आणि सोळा हजारांचे चौतीस झाले नसते.

पगारच सगळं ठरवतो असंही नाही, नाहीतर पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) मिळाला असता. आमच्या बाजूला आता माडामागे १०० रुपयांच्या आसपास घेतात. चांगला पाडेली, शिडीवजा यंत्र घेऊन, दिवसाला तीसेक माड करतो, म्हणजे तीन हजार. कारकुनापेक्षा दिवसाची कमाई जास्त! मग ‘पैसे कमी म्हणून कोणी येत नाही’ हा जो आपला सवयीचा युक्तिवाद, तो इथे कोसळतो. पण नीट बघा, पावसाचे चार महिने खोड बुळबुळीत, माडावर चढणं जिवावरचं. एकेका माडाला दीड-दोन महिन्यांनी हात लागतो, तेव्हा रोज काम मिळायचं तर पाच-सहा गावं फिरावी लागतात. पडला तर कमरेचा मणका गेला, आणि इस्पितळाच्या पुढचं आयुष्य कोण बघणार? वर वयाची चाळिशी आली की संपलं. आणि स्थळ. पाडेल्याला मुलगी कोण देतो? दिवसाचे तीन हजार ही त्याची मजुरी दिसते पण त्यात जोखमीची आणि मानहानीची भरपाई मिसळलेली आहे, आणि बाजार म्हणतोय की तेवढी भरपाई अजून पुरेशी नाही. २०२५ ला नारळ महाग झाला तेव्हा ‘पर्यटकांमुळे महागला’, ‘व्यापाऱ्यांनी साठे केले’ असं काय काय ऐकलं, पण तेव्हा केरळ-तामिळनाडूतही भाव चढलेले होते, तिथे काय कळंगुटचे पर्यटक गेले होते? उत्पादनच कमी आलं होतं, आणि आमच्याकडे तर जे माडावर होतं तेही वेळेवर खाली उतरत नव्हतं.

आकड्यांशी कसं वागू नये याचा नमुना हवा असेल तर त्याच २०२४ च्या नोव्हेंबरमधला पर्यटनाचा वाद आठवा. सोशल मीडियावर कोणीतरी टाकलं की गोव्यात २०१९ ला ८५ लाख विदेशी पर्यटक आले होते ते २०२३ ला १५ लाख झाले, गोवा संपला. लाखो लोकांनी ते पुढे ढकललं. आता २०१९ ला अख्ख्या भारतात आलेले विदेशी पर्यटक १ कोटी ९ लाखांच्या आसपास. त्यातले ८५ लाख एकट्या गोव्यात? ताजमहाल बघायला कोणी गेलंच नाही म्हणायचं. एवढी एक तुलना केली असती तरी पोस्ट तिथेच मेली असती. गोव्याचा खरा आकडा २०१९ ला सव्वानऊ लाखांच्या वर आणि २०२३ ला साडेचार लाखांच्या आसपास, म्हणजे विदेशी निम्म्यावर आले हे खरंच, ते सांगायला फुगवायची गरज नव्हती. देशी मात्र ७१ लाखांवरून ८१ लाखांच्या पुढे गेले. आणि सरकारने काय केलं? पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार. आकड्याचं उत्तर आकड्याने द्यायचं सोडून पोलीस! त्यामुळे ज्यांना पोस्ट खोटी वाटत होती त्यांनाही ती खरी वाटायला लागली. शिवाय माणशी खर्च किती, राहिले किती रात्री, त्यातला पैसा गावात किती उरला, हे दोन्ही बाजूंपैकी कोणीच बोललं नाही, डोकी मोजण्यातच सगळे दमले.

यात पेट्रोलचीही एक जुनी आठवण आहे. एप्रिल २०१२ ला तेव्हाचे मुख्यमंत्री पर्रीकर यांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ वर आणला, लिटरमागे ११ रुपये स्वस्त, सगळे खूष, मीही. तेव्हा एक युक्तिवाद जोरात होता की बांदा-सावंतवाडीचे, कारवारचे लोक इथे येऊन टाकी भरतील, विक्री वाढेल, म्हणजे सरकारचं नुकसान भरून निघेल. पण कर ०.१ टक्का असताना विक्री दुप्पट काय, दहापट झाली तरी तिजोरीत चिल्लरच येणार. हा गुणाकार चौथीतला आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खाणी बंद झाल्या, उत्पन्न आटलं आणि व्हॅट हळूहळू परत वर चढला. स्वस्त पेट्रोल वाईट होतं असं मी म्हणत नाही, त्याची किंमत कोणीतरी दुसऱ्या खिशातून देत होतं एवढंच.

नोकऱ्यांकडे याच डोळ्याने बघितलं तर माझं मत सरळ आहे. नवी पदं हे बेरोजगारीचं औषध म्हणून विकणं बंद करा. जी लागतात ती, शिक्षक, नर्स, फायरमन, जरूर भरा, दर वर्षी ठरलेल्या तारखेला परीक्षा घ्या, निकाल ठरलेल्या महिन्यात लावा, म्हणजे पोराला कळेल की आपलं झालं की नाही, आणि नाही झालं तर तो पुढे निघेल. वयाची मर्यादा ४५ वरून खाली आणा. आणि जो पैसा नव्या शिपाई-कारकुनांच्या पगारात जाणार त्यातला थोडा सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोणहून वेर्णा-कुंडई-पिळर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींना शिफ्टच्या वेळेला जाणाऱ्या कदंबच्या (सरकारी) बसमध्ये घाला, पहाटेची एक, रात्री साडेअकराची एक. रात्रीची बस असती तर किती मुली दुसऱ्या पाळीला गेल्या असत्या, याचा सर्व्हे कोणी केल्याचं ऐकलं नाही. पीएफ-ईएसआय चुकवणाऱ्या ठेकेदारांवर खरोखर धाडी घाला, कारण खासगीतली निश्चिंती वाढली की सरकारीचं आकर्षण आपोआप थोडं उतरतं, दुसऱ्या बाजूने.

वयाच्या मर्यादेवरून लोक भांडतात, मला माहीत आहे. ज्या माणसाचं वय आज ४१ आहे, जो पंधरा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर एखाद्या खात्यात राबतोय, त्याला उद्यापासून तू बाद असं कसं सांगणार? नाही सांगता येणार, ते अन्यायाचंच होईल, सरकारच्याच शब्दावर तो थांबलाय. म्हणून आज जे रांगेत आहेत त्यांना ४५ ठेवा, कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा निकाल वेगळा लावा, आणि जी पोरं यंदा बारावीला आहेत त्यांना आत्ताच सांगून टाका की तुमच्यासाठी मर्यादा ३२. त्यांच्याकडे ठरवायला वेळ आहे.